पाणी न जिरणारी काळी जमीन: जिप्समच्या आधी जात ओळखा

काळं रान नव्याने वाट्याला आलं की सल्ले फुकट मिळतात. एक म्हणतो जिप्सम (कॅल्शियमचं खनिज) टाक, दुसरा म्हणतो चर काढ, तिसरा म्हणतो धैंचा (हिरवळीचं खत) गाड, चौथा सरळ विकून टाक म्हणतो. गंमत अशी की चौघंही कुठल्या ना कुठल्या शेतासाठी बरोबर असतात. तुमचं शेत त्यातलं कुठलं, एवढंच कुणी विचारत नाही.

हा लेख कालव्याखालच्या आणि नदीकाठच्या भारी काळ्या रानासाठी आहे. माझं रान कृष्णाकाठचं, त्यामुळे उदाहरणं वाळवा-मिरज-शिरोळ पट्ट्यातली येतील. नीरा आणि प्रवरा कालव्याखाली असाल तरी जवळजवळ सगळं तसंच लागू आहे.

शेतात पाणी का साचतं, याची मुख्य कारणं तीन. माती इतकी चिकण की वरचं पाणी खाली उतरत नाही. किंवा खालची पाणीपातळीच वर आली आहे. किंवा सोडियममुळे मातीची घडण मोडली आहे आणि छिद्रं बुजली आहेत. वरून तिन्ही सारखीच दिसतात: पिवळं पीक, चिखल, चिबडलेला कोपरा. इलाज मात्र तिघांचे वेगळे आणि खर्चही वेगळे. पुढचे सगळे टप्पे हे कारण पकडण्यासाठी आहेत.

लागणारं साहित्य आणि कागद

- कुदळ, फावडं, खुरपं, टेप. मिळालं तर मातीचं गिरमिट
- काचेचे तीन-चार पारदर्शक ग्लास
- डिस्टिल्ड पाणी (बॅटरीवाल्याकडे मिळतं) किंवा छपराला न लागलेलं पावसाचं पाणी
- लिंबू, किंवा प्रयोगशाळेतलं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल
- दोन मीटर लांबीचा भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप आणि त्याचं टोपण
- कापडी पिशव्या, लेबलं, वही
- सातबारा, गटाचा नकाशा, विहीर किंवा बोअरच्या पाण्याचा नमुना

१. ही माती वागते कशी, ते आधी समजून घ्या

आपली काळी माती बेसाल्ट झिजून झाली. तिच्यात स्मेक्टाइट गटाचं चिकण खनिज असतं. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं आणि सुकलं की आकसतं. म्हणून मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि ऑगस्टमध्ये एकही नाही. ०.००२ मिलिमीटरहून बारीक कण ४० टक्क्यांच्या पुढे गेले की पोताच्या वर्गवारीत माती 'चिकण' ठरते. आपल्याकडच्या खोल काळ्या रानात हे प्रमाण ५० ते ६० टक्क्यांपर्यंत सहज असतं.

ही माती पाणी भरपूर धरते, पण त्यातलं बरंचसं इतकं घट्ट धरते की मुळांना ओढता येत नाही. वाफसा (मशागतीजोगी ओल) यायला वेळ लागतो आणि आलेला टिकत नाही. आज चिखल, चार दिवसांनी ढेकळं. मुरमाड रानातून आलेल्या माणसाचा पहिला हंगाम इथेच फसतो: ओल्यात ट्रॅक्टर घातला की खाली कठीण थर बसतो आणि मुळात अपुरा असलेला निचरा आणखी तुंबतो.

काळा रंग बघून 'कसदार' म्हणायची घाई करू नका. रंगाचा आणि सेंद्रिय कर्बाचा संबंध इथे फार थोडा. कुट्ट काळ्या मातीचा कर्ब अर्धा टक्का निघाला तर नवल वाटून घेऊ नका.

२. शेत दोनदा फिरून बघा

एकदा मोठा पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी आणि एकदा मार्च-एप्रिलमध्ये. गटाच्या नकाशावर पेन्सिलीने खुणा करत चला.

पांढरी पापुद्री आली असेल आणि खालची माती भुसभुशीत, फुगीर लागत असेल तर विद्राव्य क्षार साठले आहेत. अशा ठिकाणी माती ओली असूनही पीक तहानलेलं दिसतं. पृष्ठभाग काळपट-तेलकट, ओला असताना साबणासारखा निसरडा आणि सुकल्यावर दगड झाला असेल तर सोडियमचा संशय घ्या, ही चोपण. सामू (पीएच) चढला की सेंद्रिय अंश पाण्यात विरघळून वर येतो, त्याचाच तो काळा तवंग.

पट्टा कुठे आहे तेही बघा. कालव्याला किंवा पाटाला समांतर असेल तर पाझर. शेताच्या सखल कोपऱ्यात असेल तर बहुधा उताराचं काम. मध्येच कुठेतरी डागडागांनी असेल तर उत्तर खाली खणल्याशिवाय मिळणार नाही.

३. बोटांची चाचणी

मूठभर माती घ्या, खडे काढा, थोडंथोडं पाणी घालत कणकेइतकी मळा. अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी बाहेर काढा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती हलकी, अडीच ते पाच मध्यम, पाचच्या पुढे न तुटता लोंबली तर चिकण. मळायला पुरेसा वेळ द्या. काळी माती पाणी सावकाश पिते, आणि अर्धवट मळलेली चिकणमातीसुद्धा लवकर तुटून हलकी असल्याचा भास करते.

एक इशारा नदीकाठच्यांसाठी. २००५, २०१९, २०२१ च्या महापुरांनी बऱ्याच रानांवर गाळाचा थर टाकला आहे. वरची वीतभर माती पोयटा आणि खाली अस्सल चिकण, असं होऊ शकतं. म्हणून ही चाचणी वरच्या मातीवर करून थांबू नका. पुढे खणाल त्या खड्ड्यातल्या प्रत्येक थरावर करा.

४. ग्लासातला खडा

माझ्या मते सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त सांगणारी चाचणी हीच. ऑस्ट्रेलियातले मृदाशास्त्रज्ञ इमर्सन यांनी १९६७ साली मातीचे खडे पाण्यात कसे वागतात यावरून वर्गवारी मांडली. ही तिचीच साधी घरगुती आवृत्ती.

सावलीत वाळवलेल्या मातीचा वाटाण्याएवढा खडा घ्या. ग्लासात डिस्टिल्ड पाणी भरा. खडा वरून टाकू नका, चमच्याने तळाशी अलगद ठेवा आणि ग्लास हलवू नका. आधी दहा मिनिटांनी, मग दोन तासांनी, मग दुसऱ्या दिवशी बघा.

खडा फुटून लहान-लहान तुकड्यांचा ढीग झाला पण पाणी नितळ राहिलं, तर माती नुसती 'ढासळली'. कर्ब कमी असलेल्या आणि सारख्या नांगरटीच्या रानात हे होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण खड्याच्या कडेने दुधाळ धूर निघू लागला, तळाशी गढूळ वलय पसरलं आणि दुसऱ्या दिवशीही बसलं नाही, तर चिकण कण एकमेकांपासून सुटे होऊन पाण्यात तरंगत आहेत. हे सोडियमचं लक्षण. शेतात हेच सुटे कण पाण्याबरोबर खाली जाऊन छिद्रांत अडकतात आणि वाट बंद करतात.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. बोअरचं पाणी वापरलं तर त्यातल्या क्षारांमुळे कण एकत्रच राहतात आणि चोपण मातीही निर्दोष दिसते. दुसरं असं की माती स्वतःच खूप खारी असेल तरी पाणी नितळ राहतं. तिच्यातले क्षार पावसाने धुऊन गेले की चोपणपणा उघडा पडतो. म्हणून ग्लास नितळ दिसला म्हणजे सोडियम नाही, असं धरून चालू नका. पक्का निकाल प्रयोगशाळेचा. प्रत्येक थरासाठी वेगळा ग्लास ठेवा. वर नितळ आणि दोन फुटांवर गढूळ, असं चित्र कालव्याखालच्या रानात नवीन नाही.

५. खड्डा

चांगलं पीक येणाऱ्या जागी एक आणि वाईट जागी एक, असे दोन खणा. एकटा वाईट खड्डा फार सांगत नाही. शेजारी चांगला असला की फरक डोळ्यांत भरतो. मीटरभर खोल पुरे. ओल्या चिकणमातीची भिंत न सांगता सुटते, त्यामुळे एकट्याने उतरू नका आणि त्याहून खोल जायचं तर बाजूला पायऱ्या ठेवा. रात्री उघडा ठेवायचा असेल तर काटे टाका, गुरं पडतात.

फावड्याने कापलेली भिंत गुळगुळीत दिसते आणि काहीच सांगत नाही. खुरप्याच्या टोकाने ढेकूळ उकलून काढा आणि तुटलेला नैसर्गिक पृष्ठभाग उन्हात धरा. साधारण दीड-दोन फुटांच्या खाली तिरक्या, पॉलिश केल्यासारख्या चकचकीत आणि बारीक समांतर ओरखडे असलेल्या पाट्या दिसतील. फुगलेली माती शेजारच्या मातीवर दाबाने घासत सरकते, त्याच्या या खुणा. ढेकळंही पाचरीच्या आकाराची निघतात. ही दिसली की तुमची जमीन खऱ्या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या गटातली, हे जवळजवळ नक्की.

आता पुढच्या चार गोष्टी बघा.

चुनखडीचे खडे: कुठल्या खोलीपासून सुरू होतात आणि वाढत जातात का, ते नोंदवा. लिंबू पिळून फसफसतंय का बघा. जिप्सम की गंधक हे ठरवताना याचा उपयोग होतो.

गंजके डाग: राखाडी मातीत नारिंगी-तांबूस ठिपके, मुळांच्या वाटेने गंजाच्या रेघा, काळे बारीक गोळे. जिथे पाणी महिनोन् महिने उभं राहतं आणि मग उतरतं, तिथे लोह विरघळून पुन्हा असं बसतं. डाग ज्या खोलीला सुरू होतात, तिथपर्यंत पाणी वर येऊन जातं असं धरायला हरकत नाही. मात्र काळ्या मातीत हे डाग झाकले जातात. मातीच्या रंगाच्या (मन्सेल) रंगपट्टीवर १०वायआर ३/१ असा रंग आला तर शेवटचा १ म्हणजे रंगाची तीव्रता अगदी कमी; दुसऱ्या मातीत एवढ्यावर पाणथळ म्हटलं असतं, पण आपली माती कोरडी असतानाही तशीच दिसते. त्यामुळे रंगावर विसंबू नका, डाग शोधा.

मुळं: कुठे थांबली आणि कुठे आडवी वळली.

वास: कुजक्या अंड्यासारखा वास आला तर त्या थराला हवा मिळत नाही.

६. पाण्याची पातळी वर्षभर मोजा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नेमका तोच पाझर आणि चिकणपणा यांतला फरक सांगतो. गिरमिटाने दोन मीटरपर्यंत भोक पाडा, भोकं पाडलेला पाइप उभा करा, भोवती जाड वाळू भरा, वरचा वीतभर भाग चिकणमातीने ठासा म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी कडेने आत उतरणार नाही. टोपण लावा. दर पंधरवड्याला टेप सोडून वहीत लिहा.

केंद्राच्या जलसंपदा मंत्रालयाच्या १९९१ च्या कार्यगटाने ठरवलेल्या निकषाप्रमाणे पातळी दोन मीटरच्या आत असेल तर जमीन पाणथळ आणि दोन ते तीन मीटर असेल तर पाणथळ होण्याच्या मार्गावर. पण आकड्यापेक्षा चढ-उतार जास्त बोलका. पावसाळ्यात वर आणि उन्हाळ्यात खूप खाली, तर पावसाचं पाणी अडतंय. कालव्याचं आवर्तन सुटलं की वर, बंद झालं की खाली, तर पाझर. पृष्ठभागावर पाणी उभं असताना पाइप कोरडा, तर खालून काहीच येत नाही. वरची माती पाणी आत घेत नाहीये.

मुरण्याचा वेग मोजायचा मोह झालाच तर भेगा पडलेल्या कोरड्या रानात मोजू नका. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेच्या काळ्या रानात झालेल्या मोजणीत पहिल्या अर्ध्या तासात पाणी ताशी ७० मिलिमीटरहून जास्त वेगाने शिरलं आणि माती आठवडाभर भिजल्यावर ताशी एक मिलिमीटरही नाही. भेगा पाणी पितात, माती नाही.

७. नमुना आणि प्रयोगशाळा

नेहमीचा खताचा नमुना वरच्या वीतभर मातीचा असतो. निचऱ्याच्या प्रश्नाला तो पुरत नाही. वाईट पट्ट्यातून ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटिमीटर असे तीन वेगळे नमुने घ्या, चांगल्या पट्ट्यातूनही तसेच. दोन्हींची माती एकत्र करू नका, सरासरीत रोग लपतो. बांध, झाड, विहीर, शेणखताचा ढीग यांच्याजवळची माती नको. पांढरी पापुद्री आधी खरवडून बाजूला काढा. सावलीत वाळवा, अर्धा किलो कापडी पिशवीत भरा, लेबलवर गट नंबर, खोली आणि तारीख लिहा. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरली की अहवाल खताचा येतो.

काय तपासायचं ते तुम्हीच लिहून द्या. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात: सामू, विद्युत वाहकता (क्षारांचं माप), सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्यं. त्यात विनिमययोग्य (चिकण कणांना चिकटलेलं) सोडियम नसतं, जिप्समची गरज नसते. म्हणजे निचऱ्याचा मूळ प्रश्नच त्या कागदावर नाही. वेगळे पैसे भरून हे मागा: विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी (ईएसपी), मुक्त चुनखडी, जिप्समची गरज आणि पोताचं यांत्रिक पृथक्करण. सोबत विहिरीच्या पाण्याची वाहकता, सोडियम अधिशोषण गुणोत्तर आणि शिल्लक सोडियम कार्बोनेट. हे शेवटचं लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर तेच पाणी दर पाळीला चोपण बनवतंय. सगळ्या प्रयोगशाळांत हे होत नाही, म्हणून नमुना घेऊन जाण्याआधी फोन करा. कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र जवळ असेल तर तिथे विचारा. सांगलीकडच्यांना कसबे डिग्रज जवळ आहे.

८. अहवाल वाचून वर्गवारी करा

पहिला सापळा वाहकतेत. आपल्या बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून वाहकता मोजतात. पुस्तकातली ४ डेसीसायमन प्रति मीटर ही मर्यादा संपृक्त (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या) मातीच्या अर्काची. ढवळलेल्या पाण्यातला आकडा त्या मानाने बराच कमी येतो, त्यामुळे १.५ बघून 'चारच्या आत आहे' म्हणून निश्चिंत होऊ नका. कुठल्या पद्धतीने मोजलं ते अहवालावर लिहून घ्या.

संपृक्त अर्काचा आकडा हाताशी असेल तर अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली मांडलेली विभागणी आजही चालते:

- क्षारयुक्त: वाहकता ४ हून जास्त, ईएसपी १५ हून कमी, सामू ८.५ च्या आत
- क्षारयुक्त-चोपण: वाहकता ४ हून जास्त, ईएसपी १५ हून जास्त
- चोपण: वाहकता ४ हून कमी, ईएसपी १५ हून जास्त, सामू ८.५ च्या वर

१५ हा आकडा मात्र काळ्या मातीत जरा हातचं राखून वापरा. स्मेक्टाइट मातीत त्याच्या बऱ्याच खालीही निचरा बिघडतो आणि नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोतल्या शास्त्रज्ञांनी ही मर्यादा खाली आणायला सुचवलेलं आहे. ईएसपी ८-१० आणि ग्लास गढूळ, असं असेल तर मी ग्लासाचं ऐकतो. तीनपैकी कशातच बसत नसेल आणि पाणी साचतंच असेल, तर तुमची जमीन नुसती भारी आहे किंवा पातळी वर आली आहे. सहाव्या टप्प्याची वही उघडा.

मृदा सर्वेक्षणाच्या कागदांत वेगळी नावं भेटतील. ३० टक्क्यांहून जास्त चिकण, ठरावीक काळ उघडणाऱ्या भेगा आणि त्या चकचकीत पाट्या, या तिन्ही असतील तर गण व्हर्टिसॉल. आपल्या हवामानातले बहुतेक 'हॅप्लुस्टर्ट', सोडियमवाले 'सोडिक हॅप्लुस्टर्ट' आणि वरच्या अर्ध्या मीटरात पाणी तुंबून हवा तुटत असेल तर 'अ‍ॅक्वर्ट'. जुन्या अहवालांत 'क्रोमुस्टर्ट', 'पेलुस्टर्ट' दिसलं तर वेगळी माती समजू नका. ती नावं १९९२ च्या सुधारणेत मोडीत निघाली. जमीन क्षमतेच्या वर्गात आकड्यापुढे डब्ल्यू असेल, जसं 'तीन-डब्ल्यू', तर त्याचा अर्थ मुख्य अडचण पाण्याची.

अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्यांनी एवढं लक्षात घ्या: तिथला सोडियम कालव्याने आणलेला नाही. कोरड्या हवेत चुनखडी मातीत बसत गेली, कॅल्शियम त्यात अडकलं आणि सोडियम मागे राहिलं. भूजलही खारं. म्हणून तिथे 'पाणी कमी द्या' हा सल्ला पुरत नाही.

९. मग इलाज, आणि तोही क्रमाने

नुसती भारी जमीन: रुंद वरंबा-सरी पद्धत, हलकासा उतार, शेताच्या कडेला चर, वाफसा धरून मशागत. यात मोठा खर्च नाही आणि सोयाबीन-हरभऱ्याला फरक दिसतो. चिकणाचं प्रमाण पुरेसं आणि वाळूच्या शिरा नसतील तर मोल नांगराने चार-पाच मीटरवर भूमिगत बोगदे पाडता येतात. चोपणमध्ये ते ढासळतात, तिथे हा पैसा घालू नका.

पातळी वर आलेली जमीन: आधी पाझर अडवणारा चर, मग सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा. साधारण एक ते सव्वा मीटर खोल, पाइपवर गाळणीचं कापड, ओळींतलं अंतर मातीनुसार २० ते ३० मीटर. पाइप घ्यायच्या आधी पाणी कुठे सोडणार ते ठरवा. नाल्याचा तळ तुमच्या पाइपच्या तोंडापेक्षा खाली हवा, आणि वाटेत शेजाऱ्याचं रान असेल तर त्याची लेखी संमती हवी. शिरोळ भागात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन मोठ्या क्षेत्रावर हे काम केलंय त्याचं कारण हेच; एकट्या दोन एकराला उतार सापडत नाही. नदीला फुगवटा आला की तोंड पाण्याखाली जातं, तिथे झडप किंवा उपसा लागतो.

क्षारयुक्त: निचरा आणि चांगल्या पाण्याने धुणं. इथे जिप्सम नको, क्षारांत आणखी भर कशाला.

चोपण: जिप्सम इथेच, पण निचऱ्यानंतर. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणावरून हटवतं, आणि हटलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेलं नाही तर ते तिथेच आहे. अहवालातल्या गरजेच्या निम्मी मात्रा वरच्या वीतभर थरात मिसळून पहिल्या वर्षी द्यायची पद्धत आहे, सोबत शेणखत किंवा मळी. लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं, म्हणून सरीत नुसतं फेकून एका पाळीत परिणाम शोधू नका. चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं, पण त्याचं आम्ल जिवाणू करतात आणि त्यांना हवा लागते. तुंबलेल्या रानात गंधक तसंच पडून राहतं. धैंचा पन्नास दिवसांच्या आसपास, फुलायच्या आधी गाडा.

क्षारयुक्त-चोपण: निचरा, मग जिप्सम, मग धुणं. क्रम उलटला आणि आधी गोड्या पाण्याने धुतलं तर क्षार जातात, सोडियम उरतं आणि रान पहिल्यापेक्षा घट्ट होतं.

तोवर पीक घ्यायचंच असेल तर गहू, कापूस, शुगरबीट त्यातल्या त्यात तग धरतात. हरभरा, मूग, उडीद आणि घेवडा वाईट पट्ट्यात पेरू नका.

पाइपच्या तोंडातून येणाऱ्या पाण्याची वाहकता दर महिन्याला तपासून वहीत पातळीशेजारीच लिहा. ती उतरत जाऊन सिंचनाच्या पाण्याच्या जवळ आली की त्याच जागी, त्याच तीन खोल्यांवर पुन्हा नमुने घ्या. जिप्समचा दुसरा हप्ता तो अहवाल हातात आल्यावरच मागवा.